जव्हार-मोखाड्याचा पहिला वैमानिक

२६ जानेवारी

खुर्ची गेली! ध्वजवंदनाच्या मांडवात पहिल्या रांगेतली, आंब्याच्या सावलीतली, पाठीची पट्टी तुटलेली आणि म्हणूनच दुसरं कुणी न मागणारी. पत्रकार म्हणून ती माझी. जव्हारचं संस्थान विलीन झालं तेव्हा लोक थोडेफार तरी हळहळले असतील. आज माझ्या आसनच्युतीवर कुणी हूं की चूं केलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "भास्करराव, आजच्या दिवस जरा मागे. साहेब आलेत." मागे म्हणजे उन्हात. टक्कल तापलं.

साहेब म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट प्रांजल. निळसर करडा गणवेश, छातीवर पंख. मोखाड्याला मावशीकडे उतरलाय. लढाऊ विमान चालवतो, पाठीला हिसका बसला म्हणून लांब रजेवर. माइकवरून तीनदा घोषणा — "जव्हार-मोखाड्याचा पहिला वैमानिक!" टाळ्या. मीही वाजवल्या, घाम पुसत.

बातमीसाठी विचारलं, नेमणूक कुठे? "ते सांगता येत नाही, काका," असं म्हणाला, अगदी खाली वाकून. इतक्या अदबीने मला आजवर कुणी बातमी नाकारली नव्हती.

२९ जानेवारी

साहेब आज घरी! आमंत्रण कुणाचं? तर आमच्या कन्येचं. रुचिरा — बारावी शास्त्र, घरात दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलणारी, त्यातलं एक "भूक नाही". ती त्या दिवशी मांडवात सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली म्हणे. "मला वायुदलात जायचंय. शिकवाल?" मुलींनाही घेतात आता. एनडीएची परीक्षा सप्टेंबरात. हे सगळं मला आज कळलं. बातमीदार म्हणे!

शांताने पोहे केले. साहेबांनी दुसरी बशी घेतली, मग आमच्या अर्धांगिनीचं मत कायमचं बनलं.

तो ढगांबद्दल बोलला. "वर गेलं ना, की ढग खाली राहतात. दूध उतू जाऊन दरीत साचावं तसे. त्यांच्यावर आपलीच सावली असते — आणि सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. आपण हललो की तेही हलतं."

रुचिराचा घास हातातच राहिला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला उगाचच कसंसं झालं. पोहे तिखट होते बहुतेक.

८ फेब्रुवारी

कन्या पहाटे धावते. सनसेट पॉइंटपर्यंत. मी सोबतीला, म्हणजे मागून, म्हणजे फार मागून. धुक्यात ती दिसेनाशी होते. फक्त बुटांचा आवाज पुढे पुढे जातो.

१७ फेब्रुवारी

शंका आली. एकदा आली की कुसळासारखी — काढता येत नाही, बसवत नाही.

प्रांजल अंगणात रुचिराला गणित शिकवत होता. (चांगलं शिकवतो. परीक्षेत काय विचारतात ते त्याला नेमकं ठाऊक आहे.) मी सहज वायुदलाच्या ब्रीदाचा विषय काढला. संस्कृत पाठशाळेत वाढलेला माणूस मी. कुठे संस्कृत दिसलं की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. पहिला शब्द, 'नभः', म्हटला आणि थांबलो, पुढचा तो म्हणेल म्हणून. त्याने हात जोडले! "कुठलं स्तोत्र, काका?"

म्हटलं, असेल. विसरला असेल. मीही लग्नाची तारीख विसरतो.

तेवढ्यात वरून विमान गेलं. मुंबईला उतरणारी इथून जातातच. आम्ही मान वर केली नाही. त्याने केली. तोंड उघडं, हातातला खडू विसरलेला. विमान गेलं, आवाज विरला, तरी बघतोय! रोज भाकऱ्या थापणारी बाई शेजारणीच्या तव्याकडे असं बघत नाही.

१९ फेब्रुवारी

नाशिकच्या एका जुन्या वार्ताहर मित्राला फोन. ओझरच्या वायुदल तळावर त्याची ऊठबस असते. २६ जानेवारीचा माझाच छापून आलेला फोटो त्याला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर — "भास्कऱ्या, पंख डाव्या खिशावर असतात. तुझ्या पायलटचे उजवीकडे आहेत. कुठल्या देशाचा म्हणायचा?"

नाव प्रांजल! अर्थ सरळ, निष्कपट. नामकरणाच्या दिवशी पाळण्यात कोण हसलं असेल?

३ मार्च

शर्टाची कॉलर उलटून घ्यायला जमालभाईच्या दुकानात. मशीन थांबवून, दोऱ्याचं टोक दातांत धरून म्हणाला, "भास्करभाई, ते पायलटचं सोंग मोखाड्याला कोणत्या दिवशी नाचनार? पोरीला, नजमाला दाखवायचंय."

मी स्टूल ओढलं. उलगडा असा — जमालभाई दरवर्षी बोहाड्याच्या, म्हणजे मुखवटे चढवून देव-राक्षस नाचवायच्या जत्रेच्या, सोंगांचे अंगरखे शिवतो. डिसेंबरात प्रांजल आला, मोबाइलवर फोटो दाखवला, असा गणवेश हवा म्हणाला. मोखाड्याचा पत्ता सांगितला. जमालभाईला वाटलं, बोहाड्यासाठी! "मी बोललो, बरं झालं. रावणाचं शिवून शिवून कंटाळा आलता. चांगलं नवीन सोंग."

"अरे, पण २६ जानेवारीला तो मांडवात बसला होता ना!"

"बघितलं की. मला वाटलं, तालीम करतोय! काय उभा राहत होता! मी बायकोला, शायस्ताला बोललोही, पोरगं नाव काढनार."

"मग कुणाला बोलला का नाहीस?"

जमालभाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच जव्हारात नवा आलोय. "सोंग नाचायच्या आधी शिंपी बोलतो का कधी? कोन कशात हाय ते सांगायचं नसतं."

आणि पंख? फोटो आरशासमोर काढलेला. फोटोत उजवीकडे दिसले, म्हणून उजवीकडे बसवले. "मी नमुन्याबाहेर जात नाही."

रस्त्यात एकटाच हसत आलो. घराशी आलो तेव्हा हसू नव्हतं. अंगणात रुचिरा दोरीवरच्या उड्या मारत होती.

४ मार्च

बातमी लिहिली. मथळा सुरेख जमला. पाठवली नाही.

शांताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मग — "त्याने कुणाचं काही नेलंय का?"

"पोहे."

"चेष्टा नको. छापलंत तर पोरगा गावात तोंड दाखवू शकणार नाही. आणि आपली पोरगी? तिचं काय होईल?"

"तिला तर कळलंच पाहिजे. सत्य ते सत्य. अशा पायावर मुलीने आयुष्य उभं करायचं?"

शांताने सूप खाली ठेवलं. "तुम्हाला फारच घाई दिसतेय सांगायची."

घाई कसली! ठरलं की बारावीचे पेपर संपेपर्यंत गप्प राहायचं. आधी त्याला गाठायचं.

२२ मार्च

पेपर संपले. रुचिरा तीन वाक्यं सलग बोलली. तिन्ही विमानाबद्दल.

९ एप्रिल

मोखाड्याहून आलो. बोहाड्याची शेवटची सोंगं उजाडताना निघाली. कोवळ्या उजेडात, धुरळ्यात, ते लाकडी मोठे चेहरे हलत येत होते. संबळ-सनई अंगातून जात होती. अशा वेळी मी वार्ताहर नसतो, कोणीच नसतो. बायका सोंगापुढे नारळ ठेवून पाया पडत होत्या. आतला माणूस कोण ते सगळ्यांना ठाऊक. पण मुखवटा चढलेला असेपर्यंत कुणी नावाने हाक मारत नाही. तो तेव्हा देवच.

एका मांडवामागे एक सोंग उतरलं. दोघांनी मुखवटा धरून वर उचलला. आतून घामाने निथळलेला, डोळे मिचकावणारा तुका निघाला, दाभोशाचा जीपवाला. त्याच्या बहिणीने, पोशीने, तांब्या पुढे केला. "तुका, पानी पी रं." तीच रीत. आधी नाव, मग पाणी. मग माणूस पुन्हा माणसांत.

बाजूच्या चिंचेखाली प्रांजल उभा होता. साध्या शर्टात. तोही तेच पाहत होता.

मी काय काय ठरवून गेलो होतो! उलटतपासणीचे प्रश्न पाठ केले होते. त्यातला एकही आठवला नाही. पोशीकडून तांब्या घेतला, त्याच्याजवळ गेलो. "प्रांजल," म्हटलं, "पाणी पी, बाळा."

आजवर मी त्याला साहेबच म्हणत आलो होतो. त्याने तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तांब्या घेऊन तो घटाघट प्यायला. निम्मं शर्टावर सांडलं.

"कधी कळलं, काका?"

"ते राहू दे. करतोस काय?"

"मुंबईला विमानतळावर. बॅगा भरतो विमानाच्या पोटात. रोज पंखाखालून जातो." ओला शर्ट पिळत — "आत कधी बसलो नाही."

लेखी पास झाला होता. मुलाखतीतही. डोळ्यांत अडकला — तांबडा-हिरवा नीट कळत नाही. मावशी त्या दिवशी पेढे घेऊन बसली होती. फोनवर तिला म्हणाला, झालो पास. "एकदा चढलं की उतरताच येईना, काका. या वर्षी ती म्हणाली, गणवेशात ये, डोळ्यांनी बघते."

"मावशीला कोण सांगणार?"

"मी."

"आणि रुचिराला?"

तो मुखवट्यांकडे बघत राहिला. "तिला नका सांगू. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. तिचे डोळेही चांगले आहेत, मी तपासलेत. ती जाईल. माझ्यामुळे थांबायला नको."

मी म्हटलं, सांगावं लागेल.

१४ एप्रिल

प्रांजल गेला. मावशीला सांगून गेला, इतकं कळलं. मोखाड्यात कुजबुज आहे. आमच्या पत्रासाठी लिहिलेली बातमी मथळ्यासकट फाडली.

२ मे

अखेर रुचिराला सांगितलं. सनसेट पॉइंटच्या कट्ट्यावर, सगळं. विमानतळ, डोळे, जमालभाईचे उजवे पंख. हळूहळू सांगितलं, ती कोसळली तर सावरायला बरं म्हणून. वाक्यंसुद्धा तयार होती — दुसरं काही कर, प्राध्यापक हो, संस्कृतही वाईट नाही.

ती उजव्या पंखांवर हसली. मग रडली. मग खाली दरीत बघत बसली. संधिप्रकाश पार विझेपर्यंत.

उठताना म्हणाली, "म्हणजे पहिला अजून कुणी झालेलाच नाही."

"काय?"

"जव्हार-मोखाड्याचा पहिला वैमानिक. जागा रिकामी आहे, बाबा!"

३ मे

पहाटे बुटांचा आवाज. मला उठवलंसुद्धा नाही.

५ जून

अर्ज भरला. "वडिलांचा व्यवसाय" विचारलं होतं. तिने "पत्रकार" लिहिलं. मी म्हटलं, संस्कृतज्ञही लिही. म्हणाली, रकाना लहान आहे.

१९ ऑगस्ट

पावसाने आज सकाळपुरती रजा घेतली. मी तिच्या मागे चालत गेलो. सूर्य पाठीशी नुकताच वर आला होता. समोर दरी नव्हतीच — काठोकाठ पांढरं, दूध उतू गेल्यासारखं. आणि त्या पांढऱ्यावर माझी सावली, लांबच लांब. डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. मी हललो, तेही हललं.

इंद्रवज्र! शब्द ठाऊक होता. पाहिलं जन्मात पहिल्यांदा.

म्हणजे प्रांजलने हे पाहिलं होतं. विमानातून नव्हे. सुट्टीत मावशीकडे आलेल्या पोराने अशाच कुठल्या कड्यावर उभं राहून. त्या एका गोष्टीत तो खोटं बोलला नव्हता. तेवढ्यावर त्याने आख्खं विमान बांधलं.

रुचिरा शेजारी येऊन उभी राहिली. धापा टाकत. मी तिला विचारलं, तुला माझी सावली दिसते का? म्हणाली, नाही, फक्त माझीच दिसते, गोलासकट. मला फक्त माझी दिसत होती. बराच वेळ दोघं तसेच उभे होतो, आपापल्या गोलात.

१४ सप्टेंबर

परीक्षा. ठाण्याच्या केंद्राबाहेर शांता आणि मी वडाखाली. शांता जप करत होती. मीही काहीतरी मागत होतो.

६ ऑक्टोबर

यादीत नंबर आहे. लेखी झाली. पुढे मुलाखत, मग वैद्यकीय. डोळे चांगले आहेत — त्यानेच सांगितलं होतं.

जमालभाई पेढे घेऊन आला. शांता रडतेय, हसतेय.

लिहून टाकतो. प्रांजल खोटा निघावा असं मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. खोटा निघाला की रुचिरा थांबेल म्हणून. ठाण्याला वडाखाली मी हेच मागत होतो — नापास होऊ दे. मला सत्याची चाड वगैरे काही नव्हती. भीती वाटते. ती वर जाईल, आणि खाली मला एक दिवस फोन येईल.