दादाच्या डाव्या हाताला

४ फेब्रुवारी, रविवार

दादाने पुन्हा डबे आणले! गॅरेजच्या फळीवर आता गाडी चमकवायच्या मेणाचे तीन डबे, सीलंटच्या दोन बाटल्या आणि कसलासा फवारा. एवढ्यात एखादं जहाज चकाकेल. गाडी एकच, तीही म्हातारी.

"निळा रंग आहे बाईसाहेब, गडद. गडद रंगाला मेणच हवं. मेणाने रंगात खोली येते. विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं."

"आणि महिन्याभरात विहीर आटते," मी म्हटलं. सीलंट लावावं, रंगावर थर बसतो, चांगले सहा महिने बघायला नको.

"सीलंट म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी! गाडीला काय रेनकोट घालून फिरवायचं?"

या वयात आम्ही भावंडं मेणावरून भांडतो. वहिनी असती तर दोघांनाही हाकललं असतं. ती गेल्यापासून दादा वर एकटा, खाली मी एकटी. लग्नाच्या भानगडीत मी पडलेच नाही. मधे जिना. त्या जिन्यावरून दिवसभर आरडाओरडा चालतो. शेजाऱ्यांना आम्ही वैरी वाटत असू.

ही सगळी तयारी भाचीसाठी. दादाची लेक महिनाअखेरीस येते आहे, चार वर्षांच्या नातीला घेऊन. विमानतळावर आणायला दादा स्वतः जाणार. नात या गाडीत पहिल्यांदाच बसणार, तेव्हा दारात तिला तिचं तोंड दिसलं पाहिजे, असा हुकूम सुटला आहे. हुकूम अर्थात मला. "तू पाणी मार, मी घासतो."

६ फेब्रुवारी, मंगळवार

दुकानात गेलो. दुकानदाराला वाटलं, दोन म्हातारी माणसं, काहीही गळ्यात मारावं. हा डबा शोरूमसारखी चमक देतो, तो डबा शोरूमपेक्षा जास्त. मी विचारलं, "यात काय आहे?" म्हणाला, "मॅडम, फॉर्म्युला आहे." मी म्हटलं, "फॉर्म्युला सगळ्यातच असतो, पाण्यातसुद्धा. मी विचारते, आहे काय?" दादा मागे वळून छत्र्या बघू लागला. हसू लपवायची त्याची जुनी रीत.

शेवटी डब्याच्या मागची बारीक अक्षरं मीच वाचली. मेण ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं. सीलंट कारखान्यातलं. पहिलं देखणं, दुसरं टिकाऊ. दादाला देखणं हवं, मला टिकाऊ. लहानपणापासून आमचं हेच चाललं आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

भांडून निकाल लागत नाही. मी आयुष्यभर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काढलं, अंदाजावर एक बाटली पास केली नाही. म्हटलं, प्रयोग करू. बॉनेटवर मधोमध चिकटपट्टी लावली. एका बाजूला दादाचं मेण, दुसरीकडे माझं सीलंट. चार दिवस ऊन-धूळ लागू द्यायची, मग पाणी ओतायचं.

"आणि मी जिंकलो तर?"

"तर पुढची सहा वर्षं मी तुझ्या चहात साखर घालीन, डॉक्टर काय म्हणतो ते न ऐकता."

गडी एकदम कामाला लागला. गोल गोल हात, जिभेचं टोक ओठांबाहेर. शाळेत चित्र रंगवताना असंच करायचा.

मेण सुकून पांढरट झालं की फडक्याने पुसून काढायचं. त्याने पुसलं, कमरेवर हात ठेवून मागे सरला. "बघ! विहीर!" विहीर होती खरी. पण एका कडेला हातभर पांढरा पट्टा तसाच. मी म्हटलं, "हे कोण पुसणार?" तो म्हणाला, "कुठे?" — आणि मान वळवून बघितल्यावर, "अरे! राहिलं वाटतं."

घाई, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी ओतलं. माझ्या बाजूचं सरसर वाहून गेलं. त्याच्या बाजूला टपोरे थेंब उभे राहिले, मोत्यांसारखे. दोघेही जिंकलो, म्हणजे दोघेही ओरडलो.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज त्याने दारं आणि डिकी केली. मी चाकं धूत होते. तो चहाला वर गेला तेव्हा सहज बघितलं. ड्रायव्हरच्या दारावर पांढरा पट्टा. मागच्या दारावर पट्टा. डिकीवर पट्टा. गाडीची बाजू बदलते, पट्टा बदलत नाही. तो जिथे जिथे उभा होता तिथे मी उभी राहून पाहिलं. प्रत्येक वेळी त्याच्या डाव्या हाताला.

पुन्हा एक फेरी मारली. प्रयोगशाळेत अशा वेळी आम्ही नमुना पुन्हा घ्यायचो. निकाल तोच आला.

फडकं घेतलं आणि सगळे पट्टे पुसून टाकले. तो खाली आला, गाडीवरून नजर फिरवली, खूश झाला. "बघितलंस? अजून हातात आहे माझ्या!"

मी म्हटलं, "हो."

१९ फेब्रुवारी, सोमवार

वर जाऊन चहा प्यायले, मेणावरून भांडले आणि खाली आले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

भाजी आणायला गाडीतून गेलो. वळणावर डावीकडून सायकलवाली आली. चांगली दिसत होती, लाल स्वेटर. दादा वळतच राहिला. मी किंचाळले. ब्रेक लागला. ती बाई काय काय बोलली ते लिहीत नाही, तिचं चुकलं नव्हतं.

"कुठून उगवली ही?" दादा म्हणाला. मग घर येईपर्यंत रेडिओ मोठा करून बसला.

मला गाडी येत असती तर तिथेच त्याला उतरवून मी बसले असते. पण माझं गाडीतलं सगळं ज्ञान शेजारच्या सीटपुरतं. दादा होता, शिकायची गरज कधी पडली?

२१ फेब्रुवारी, बुधवार

भाचीचा फोन. "आत्या, बाबांना सांग, पिल्लूची सीट मी बरोबर आणतेय, मागे बांधायची आहे. बाबा फार खूश आहेत गं. रोज फोनवर गाडीचंच पुराण!"

मी हो हो म्हटलं. ठेवल्यावर स्वतःची लाज वाटली. प्रयोगशाळेत हाताखालच्या मुलींना एका थेंबाची चूक झाली तरी सोडत नव्हते. आणि इथे मागून पट्टे पुसत बसले आहे, कारण दादाचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही. त्या सीटवर पोर बसणार आहे.

उद्या बोलायचं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

बोलले.

भाषण तयार केलं होतं, ते जिन्यातच विसरले. त्याला गॅरेजमध्ये नेलं. म्हटलं, या दाराला मेण लाव. त्याने लावलं. म्हटलं, आता पूस. पुसलं. झालं? झालं. मग त्याचा डावा हात धरला आणि दारावर टेकवला, अगदी डाव्या टोकाला.

बोटांना भुकटी लागली. तो बोटांकडे बघत राहिला.

"पुसलं होतं मी."

"जेवढं दिसलं तेवढं पुसलंस."

त्याने बोटं एकमेकांवर चोळली.

"कधीपासून कळलंय तुला?"

"रविवारपासून."

"आणि मागून पुसत होतीस?"

"हो."

"बाईसाहेब, तू आणि लपवाछपवी? अजिबात शोभत नाही." मग खाली बादलीवर बसला. "पायऱ्यांवर ठेचा लागतात अधूनमधून. मला वाटायचं, चपलाच वाईट."

मी त्याच्या शेजारी उभी राहिले. डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात ही पद्धत नाही. त्याने काढला नाही.

२४ फेब्रुवारी, शनिवार

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावीकडचं नुकसान जास्त. डॉक्टरीणबाई तरुण, स्पष्ट बोलणारी, मला आवडली. गेलेली नजर येत नाही. उरलेली थेंब टाकून सांभाळायची, एक दिवस न चुकता. दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे काळोखही दिसत नाही, आजूबाजूचं बघून मेंदूच ती जागा भरून काढतो.

"म्हणजे न पुसलेला पत्रा मला पुसलेला दिसत होता?" दादाने विचारलं.

बाईला काही उमगलं नाही. मला हसू आलं, त्यालाही. दोघे वेड्यासारखे हसलो.

मग ती म्हणाली, "गाडी मात्र बंद." हसणं थांबलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

मला वाटलं, आज तो खाली येणार नाही. आला. फडकी धुतलेली, डबे हातात. "नात टॅक्सीने येईल. म्हणून काय गाडीने पारोसं राहायचं?"

डब्याची बारीक अक्षरं पुन्हा वाचताना सापडलं: आधी सीलंट, ते पक्कं बसलं की वर मेण. उलटं केलं तर सीलंट धरत नाही. दोन्ही चालतात! आम्ही तीन आठवडे उगीच भांडलो.

"उगीच कसं?" दादा म्हणाला. "छान गेले की."

तो पुसायचा, मी म्हणायची, "डावीकडे." तो मान वळवायचा, पट्टा सापडायचा, पुसायचा. पुन्हा "डावीकडे." दुपारपर्यंत माझा घसा बसला. गाडी अशी झाली की शेजारची बाई कचरा टाकायला आली ती पदर सारखा करून गेली, बॉनेटमध्ये बघून.

हात धुताना तो म्हणाला, "विकून टाकू. उभी राहून टायर सडतील. चालवणार कोण आता?"

मी फडकी पिळून दोरीवर टाकली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

पोरी आल्या. टॅक्सीतून उतरल्या उतरल्या भाची बापाच्या गळ्यात पडली. मी फोनवर आधीच सगळं सांगितलं होतं, तरी रडलीच. पिल्लू मात्र सरळ निळ्या गाडीपाशी गेली, दारात स्वतःला बघितलं, जीभ काढली. मग आजोबांना हाक मारली, त्यांनाही जीभ काढायला लावली.

दादाने काढली. ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती, तर आधी तिला स्वतःच्या उजवीकडे घेतलं.

गाडी बघायला रविवारी कुणी तरी येणार आहे. दुकानदाराच्या ओळखीचा.

३ मार्च, रविवार

घेणारा आला. गाडीभोवती फिरला, बॉनेटमध्ये बघून भांग सारखा केला आणि घासाघीस न करता हो म्हणाला. दादाने किल्ली पुढे केली — आणि परत खिशात टाकली.

"माफ करा हं. विकायची नाही. माझी बहीण चालवते ही."

मी! जिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही!

"कधीपासून?" हे त्या माणसाने नाही, मी विचारलं.

"उद्यापासून. शिकवणारा आठला येतोय. मी मागे बसून आरडाओरडा करणार. आणि बाईसाहेब, चपला चालणार नाहीत."

बूट माळ्यावर आहेत. काढले पाहिजेत.