यजमानांचा संगणक साधनाकडे राहावा

मी, रुख्मिणीबाई व्यंकटराव कावरखे, धंदा शेती, राहणार पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दाब नसताना माझ्या मागची व्यवस्था सांगत आहे. डोळ्यांना कमी दिसते, समज पक्की आहे. उतरवून घेणारे हिरासिंग यांनी मध्ये स्वतःची भाषा घालू नये, असे मी त्यांना बजावले आहे.

१. राहते घर मुलगा बालाजी याचे. मागची खोली मात्र मुलगी साधना हिच्या माहेरपणासाठी तिच्या हयातीपर्यंत मोकळी ठेवावी. तिथे खताची पोती रचू नयेत. बालाजी, हे तुला मुद्दाम सांगते.

२. माझे सोन्याचे मणी सुनेला. पितळी हंडा नणंद शालूबाई यांना. मागून मागून त्या थकल्या, आता न्यावा.

३. मुलांच्या संमतीने माझ्या नावे झालेले शेत व त्यातील विहीर बालाजीला. परंतु एका अटीवर. ती अट कळण्यासाठी घडलेले सांगणे भाग आहे.

माझे यजमान शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली. लिहिणारा हातच गेल्यामुळे पाटी-पेन्सिलही कामाची राहिली नाही. बालाजीने वापरलेला संगणक आणला, विंडोज अठ्ठ्याण्णवचा, आणि बटणांवर मराठी अक्षरे चिकटवली. यजमान डाव्या हाताच्या एका बोटाने लिहू लागले. पहिले वाक्य होते, ‘वरणात मीठ जास्त.’ मी पदर तोंडाला लावून रडले.

पुढे ते मशीन मंद होत गेले. सुरू होईपर्यंतच माझ्या भाकरी होऊन जात. अक्षर दाबावे आणि वाट बघत बसावे. कधी पडदा तसाच गोठून राही. हिंगोलीच्या एका दुकानदाराने ते ठेवून घेतले आणि जसेच्या तसे परत दिले. वर म्हणाला, “भंगारात घाला.” हे त्याने यजमानांच्या समोर म्हटले.

असेच मशीन बंद पडले असताना धाकटे दीर किशनराव विहिरीच्या वाटणीचा कागद घेऊन आले. “दादाला आता काय कळतं, वैनी? अंगठा घेऊ न् मोकळं होऊ.” त्यांनी यजमानांचा डावा हात धरला. यजमानांनी मूठ आवळली. दिरांनी बोटे उकलायला सुरुवात केली, तेव्हा मी मध्ये पडले. यजमानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज येत होता.

ही गोष्ट कळताच साधना सासरहून आली. संगणकाचा कोर्स तिने केलेला होता. तिने डबा उघडला. पंखा फुफाट्याने भरलेला होता, तो ब्रशने साफ केला. तरी फरक पडला नाही. नातवंडांनी भरलेले गेम काढले. सुरू होतानाच आपोआप चालू होणाऱ्या बिनकामाच्या गोष्टी बंद केल्या. व्हायरस निघाला, तो घालवताना एकदा सगळेच बंद पडले आणि तिचाही धीर सुटला. “आई, मशीन म्हातारं न्हाई झालं, त्याच्यावर वझं लई टाकलंय,” असे म्हणून ती पुन्हा बसली. शेवटी नांदेडहून मेमरीची जादा पट्टी मागवून बसवली आणि मशीन चालते झाले.

तरीही यजमानांचे वाक्य होईना. एका ‘म’च्या जागी ओळभर ‘म’ उमटत. साधना त्यांच्या शेजारी बसून नुसता हात बघत राहिली. लुळेपणा डाव्या हातातही थोडा उतरला होता. बोट बटणावरून लवकर उठत नव्हते. आजवर त्याचा दोष आम्ही मशीनला देत होतो. बटण दाबून धरले तरी अक्षर एकदाच यावे, अशी सोय तिने शोधून काढली.

किशनराव पुन्हा आले तेव्हा गावातले गुलाबसिंग राठोड आमच्या ओट्यावर बसलेले होते, त्यांनाही आत बोलावले. यजमान बराच वेळ लिहीत होते. कोणी उठले नाही. गुलाबसिंगांनी मोठ्याने वाचले: “मला कळतं. विहीर देणार नाही. पाणी घ्या.”

किशनराव खाली मान घालून निघून गेले.

म्हणून अट अशी: विहिरीची वाटणी होऊ नये, आणि किशनरावांच्या शेताला पाणी कधी तोडू नये. तो यजमानांचा शब्द आहे. माफी देणे माझ्याकडे आहे, आणि ती मी दिलेली नाही.

४. यजमान आणखी काही वर्षे त्या मशीनवर बोलले, भांडले, आणि शेवटच्या आजारात माझे नाव लिहून गेले. तो संगणक साधनाला. आता तो पुन्हा मंद झाला आहे; बालाजीने तो विकू नये, साधनाने नेऊन दुरुस्त करावा. पंचक्रोशीत कोणाची वाचा गेली असे कळले, तर तिने तो त्या घरी नेऊन ठेवावा, मग ते घर कोणाचेही असो, किशनरावांचेसुद्धा. आधी त्या माणसाचा हात बघावा, मग मशीनला हात लावावा.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. साक्षीदारांच्या देखत सही करते.

रुख्मिणीबाई व्यंकटराव कावरखे (सही)

साक्षीदार:
गुलाबसिंग राठोड, पुसेगाव (सही)
बेबीबाई गडदे, पुसेगाव (सही)

लिहिणार: हिरासिंग राठोड

ठिकाण: पुसेगाव
दिनांक: ११ फेब्रुवारी २००९