आठ खाचांची पट्टी

सोमवार, ११ जानेवारी १९३७

आजही औषधं तोलायचा काटा श्रीपादच्याच हाती. कारण काय, तर तो इंग्रजी पाचवीपर्यंत शिकला आणि मी मराठी सहावीवर थांबलो. आनंदराव डॉक्टरांनी भोरात हा औषधांचा वर्ग काढला तेव्हा म्हणाले होते, कंपाउंडरला हात स्वच्छ आणि नजर बारीक हवी. सात महिने झाले, मी अजून चिठ्ठ्या चिकटवतो आणि पट्ट्या कापतो!

कापायच्या तर नीट तरी कापाव्यात. लोक घरून मिळेल ती शिशी आणतात. औषध भरलं की बाहेरून कागदाची पट्टी लावायची. एक खाच म्हणजे एका वेळचं औषध. अक्षर न येणाऱ्यालाही कळतं. मी फूटपट्टीने आखून आठ सारख्या खाचा पाडतो — सुताचाही फरक नाही. श्रीपादची पट्टी पाहावी: एक खण बोटभर, दुसरा नखाएवढा. त्यात कापण्याआधी शिशीत मापामापाने पाणी ओतत बसतो. पोरखेळ नुसता. बोललो तर म्हणतो, "कुंडलिकराव, तुमची पट्टी देवघरात लावावी अशी असते."

याला परीक्षेला पुण्यास पाठवणार. मला नाही.

मंगळवार, १२

भाटघरहून फुलाआत्या आली, बरोबर तिचे यजमान गेनबामामा. आत्याच्या पोटात कळा. डॉक्टरांनी बेलाडोनाचं मिक्स्चर लिहिलं, आठ औंस; एका वेळी एक औंस, दिवसाला तीन वेळा. मामांनी शिशी आणलेली झोकदार — धरणावरच्या बंगल्यात साहेबाने टाकलेली. बुडाशी फुगीर, वर निमुळती. "लई जपून ठिवली व्हती," म्हणाले.

मिक्स्चर श्रीपादने केलं, तेही मामांशी धरणाच्या गप्पा मारत. माप घेताना बोलू नये हे पहिल्याच दिवशी शिकवलं आहे. पट्टी मी लावली. घरचं माणूस म्हणून दोनदा मोजली. आत्याने तिच्यावरून बोट फिरवलं. "कुंडल्या, शिडी लावलीस की रं. आता रोज तीन पायऱ्या उतरायच्या."

गुरुवार, १४

संक्रांत. श्रीपादने तिळगूळ पुढे केला. घेतला. बोललो नाही.

शनिवार, १६



मामा धापा टाकत आले. "दोन दिस काय बी गुण न्हाई. काल सकाळी शेवटचा घोट घेतला आन् बरळाया लागली. म्या म्होरं हुबा, तर मलाच वळखंना." डॉक्टर टांग्याने गेले. मीही गेलो. आत्याचं तोंड कोरडं ठाक, डोळ्यांतल्या बाहुल्या पसरलेल्या. बेलाडोना जास्त झाला, हे मलासुद्धा कळलं. जीव वाचला.

परत आल्यावर डॉक्टरांनी श्रीपादला विचारलं. "मी मापूनच घातलं." झालं, एवढ्यावर संपलं! डॉक्टर म्हणतात, एखाद्याच्या अंगाला मानवत नाही. मानवत नाही? श्रीपाद त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, हे का नाही म्हणत?

सोमवार, १८

वर्गाच्या समितीकडे श्रीपादविरुद्ध अर्ज दिला. चार वेळा लिहून काढला, एकही खाडाखोड नाही. कार्यवाह गंगाधरपंतांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

"पोराचं वर्ष जाईल. विचार केलास?"

"आत्या जात होती," मी म्हटलं. "तिचा कोणी केला?"

त्यांनी अर्ज घडी घालून दप्तरात ठेवला. मी एवढं कधी कोणाला बोललो नव्हतो.

गुरुवार, २१

श्रीपादचं नाव परीक्षेच्या यादीतून काढलं. तिथे माझं घातलं. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून काटा तू घे."

श्रीपाद आपली वही घेऊन निघाला. दारात थांबला. "ती शिशी कुठे आहे रे? मला एकदा बघायची होती."

"शिशीत काय बघायचं? औषध संपलं."

अजूनही शिशीला दोष! तरी त्याचं ते बोलणं माझ्या मनातून जाईना.

शुक्रवार, २२

काट्यावर पहिला दिवस. वजनं दोनदा पुसली. एकही चूक नाही.

रविवार, २४

भाटघरला जाऊन आलो. आत्या अंगणात तांदूळ निवडत होती. "आता वळखते बरं तुला," म्हणून हसली. शिशी तिने धुऊन कोनाड्यात ठेवली होती, पट्टीला पाणी न लागू देता. तुझ्या हातची म्हणून काढवेना, म्हणाली. मी मागून आणली. उद्या मापून सगळ्यांसमोर ठेवतो. श्रीपादला पुन्हा शिशीचं नाव काढायला जागा नको.

सोमवार, २५

दवाखाना उघडण्याआधी शिशीत आठ औंस पाणी भरलं. एकेक खाच मापाच्या ग्लासात ओतत गेलो. पहिली — अर्ध्या औंसाहून कमी. चौथी — पाऊण. आठवी, फुगीर तळाची — दोनच्या वर. तीनदा ओतून पाहिलं.

पट्टीत सुताचाही फरक नाही.

गंगाधरपंत दहाला येतात. त्यांच्यापुढे ठेवायला शिशी पिशवीत घातली आहे.