दोनशे चाळीस निळे गणवेश

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा गणवेश शिवणे, जिला या भागातली लहानथोर माणसे टेपमावशी म्हणतात, हे मृत्युपत्र माझ्या दुकानातील कापणीच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुरावा हवा असल्यास, आज सकाळी चष्मा न लावता सुईत दोरा ओवला, ते वकीलबाईंनी समोर बसून पाहिले आहे. मला कोणी धमकावलेले नाही. फूस लावण्याचा प्रयत्न माझ्या भाच्याने तीन वेळा केला, त्याचा उल्लेख पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आधी कामातून सवड नव्हती, आणि सवडच सवड झाली तेव्हा हे सगळे लिहायचे धैर्य नव्हते.

कलम १. माझी मिळकत अशी: रस्त्यालगतचे दुकान, त्यामागची राहती खोली आणि तिच्यामागची कोठीची खोली. तीन शिवणयंत्रे, एक काजाचे यंत्र, मोठी कात्री, इस्त्री, मापांच्या चौदा वह्या. बँकेत जे काही आहे ते माझ्या औषधपाण्याला पुरेल, उरले तर दुकानाच्या पत्र्याला लावावे. कोठीच्या खोलीत दोनशे चाळीस निळे गणवेश आहेत. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते, कारण तेच लिहायला जड जाते आहे.

कलम २. दुकान, दोन्ही खोल्या, सर्व यंत्रे व कात्री मी माझ्याकडे एकतीस वर्षे काज-बटण करणारीला देते. बिस्किटांच्या कारखान्याने तिच्या नवऱ्याला घरी बसवले तेव्हापासून तिचे घर एका सुईवर चालले आहे. ती फटकळ आहे. मागच्या वर्षी गिऱ्हाइकासमोर मला म्हणाली, "मावशी, तुमचा हात आता वाकडा चालायला लागलाय." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग ती शिवण उसवून पाहिली. वाकडीच होती. म्हणून दुकान तिलाच. कात्रीने तिने कागद कापू नये, एवढीच अट.

कलम ३. माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, याचा माझ्या कोणत्याही स्थावर मिळकतीवर हक्क नाही व त्याने तो सांगू नये. तो माणसे पुरवतो. पूर्वी लोक वाळू पुरवत, विटा पुरवत. हा गोदामाला तीस, दुकानांच्या संकुलाला बारा, दवाखान्याला आठ अशी माणसे पुरवतो, आणि सहा महिन्यांनी परत घेऊन दुसरीकडे टाकतो. माझे दुकान त्याला पार्सल ठेवायला हवे आहे. पहिल्यांदा आला तो माझी तब्येत विचारायला. दुसऱ्यांदा फळे घेऊन. तिसऱ्यांदा मीच म्हटले, "बाबा रे, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?" तेव्हा म्हणाला, "आत्या, जमाना बदलला. आता मागणी लवचीक माणसाला आहे."

लवचीक इलास्टिक असते, आणि तेही दोन वर्षांत सैल पडते. वरच्या फळीवर इलास्टिकची तीन बंडले आहेत, ती मी भाच्याला देते. त्याच्या माणसांसाठी मी एकही कपडा शिवलेला नाही, कारण त्यांचे टी-शर्ट तयार येतात, लहान, मध्यम आणि मोठा. सगळी मनुष्यजात तीन मापांत बसते, हा शोध माझ्या भाच्याच्या धंद्यात लागला. मी उगाच आयुष्यभर टेप घेऊन उभी राहिले.

कलम ४. दर चार-पाच वर्षांनी आमच्या रस्त्यावर एक पाहणीवाला येतो. गळ्यात ओळखपत्र, हातात चौकटींचा कागद. घरात किती जण कामावर, कोणत्या क्षेत्रात, मागच्या खेपेपेक्षा काय बदल. नंतर त्यांच्या कार्यालयाचा अहवाल निघतो. मागच्या अहवालात लिहिले होते की कारखानदारीत थोडी घट झाली असली तरी सेवा, वाहतूक व सुरक्षा या क्षेत्रांत स्थानिक रोजगार समाधानकारक वाढला आहे. समाधान कोणाचे झाले ते लिहिलेले नव्हते.

हाच बदल माझ्या वह्यांत आहे. एका माणसाचेच सांगते, कारण तो याच रस्त्यावर राहतो आणि त्याने परवानगी दिली आहे. हा ओतारी. ओतकामाच्या कारखान्यात साच्यात वितळलेले लोखंड ओतायचा. तिसऱ्या वहीत त्याचा निळा गणवेश, छाती चाळीस, कंबर चौतीस, खिशाला दुहेरी शिवण, कारण खिशात हत्यार राहायचे. नवव्या वहीत बिस्किटांच्या कारखान्याचा पांढरा कोट, खिसा नाही. मालकाचा माणसावर किती विश्वास आहे हे खिशावरून कळते. अकराव्या वहीत दवाखान्याच्या लिफ्टवाल्याचा राखाडी सदरा. मग मधली काही वर्षे वहीत तो नाहीच, तेव्हा तो गोदामात "मध्यम" होता. चौदाव्या वहीत चौकीदाराचा खाकी. त्याने राखायचे ते आवार जुन्या ओतकाम कारखान्याचेच, जिथे आता गाड्या लावतात. अहवालात हे पाच रोजगार. माझ्या वहीत माणूस एकच, आणि प्रत्येक खेपेला कंबर इंचभर कमी.

मी हे मागच्या पाहणीवाल्याला वही उघडून दाखवले. तो म्हणाला, "आजी, माझ्या कागदावर कंबरेची चौकट नाहीये." पोरगा वाईट नव्हता, पण ज्याला चौकटीबाहेर दिसत नाही त्याला दाखवून उपयोग काय? माझी सगळ्यात जुनी टेप, जिचे सुरुवातीचे दोन इंच झिजून गेले आहेत, मी त्या कार्यालयास देते. त्यांच्या मोजणीत तेवढी चूक चालून जाते. वह्या त्यांना मिळणार नाहीत. त्या काजवालीकडे राहतील.

कलम ५. माझा धाकटा भाऊ, ओतकाम कारखान्यातला हजेरी कारकून, यास पुढील वस्तू देते: एक कागद. त्याच्याच मोत्यासारख्या अक्षरातला आहे, त्याला लगेच ओळखू येईल.

एकोणीस वर्षांपूर्वी कारखाना बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली. त्याच महिन्यात नदीपलीकडे काचेच्या बाटल्यांचा नवा कारखाना माणसे घेत होता. आमच्याकडच्या त्रेचाळीस जणांना तिथून बोलावणे आले होते. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती. अशा वेळी माझा भाऊ सायकलवरून दुकानात आला आणि हा कागद टेबलावर ठेवला. दोनशे चाळीस निळे गणवेश, सोबत कापडाचे तागे. मी विचारले, "कारखाना चालणार ना रे?" तो म्हणाला, "ताई, एवढं कापड पाठवलंय, आणखी काय सांगू?" त्याला सगळे माहीत होते. काचेच्या कारखान्याकडे माणसे पळाली असती तर हातातल्या शेवटच्या मागण्या पुऱ्या झाल्या नसत्या. म्हणून साहेबांनी कापडाचा देखावा मांडला आणि तो माझ्या दुकानात आणून ठेवायला माझाच भाऊ निवडला. कुंपणानेच शेत खाल्ले, दुसरे काय. कारखान्याला कुलूप लागल्यावर सगळे घरी बसले. हा मात्र तीन वर्षे कागदपत्रे आवरायला आत होता.

नंतर एकदाच म्हणाला, "ताई, मला वरून सांगितलं तेवढं मी केलं." वरचे सांगतील तेवढे करणाऱ्याला कारकून म्हणतात. त्याने माझ्या अंत्ययात्रेला यावे, माझी हरकत नाही. चार शब्द बोलायला उभे राहू नये.

कलम ६. आता गणवेश.

वरच्या कलमात मी भावाला झोडपले, ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबले तर मीही त्याचीच बहीण ठरेन. या भागात पद्धत अशी होती की कारखान्याची खबर साहेबांकडून नव्हे, माझ्याकडून घ्यायची. नवे गणवेश शिवायला टाकले म्हणजे वर्षभर काम आहे. नाही टाकले तर दुसरीकडे बघा. याचा मला गर्व होता. त्या पंधरा दिवसांत माणसे एकेक करून दुकानात आली. ओतारीही आला, खिशात बोलावण्याचे पत्र घेऊन. म्हणाला, "मावशी, जाऊ का राहू?" मी तागा दाखवला. "बंद करायचा असता तर कपडे कशाला शिवले असते? राहा गप." त्याने पत्र तिथेच, या टेबलावर फाडले. सोळाव्या दिवशी फाटकाला कुलूप लागले. त्रेचाळीसपैकी सहा जण काचेच्या कारखान्यात गेले होते. मला विचारायला न आलेले ते सहा. तो कारखाना अजून चालू आहे.

माझी चूक एवढीच असती तर मी फसवली गेले म्हणून सुटले असते. पण त्या कागदावरची मापे जुनी होती. माझ्याच वहीतून तीन वर्षांपूर्वी उतरवून नेलेली. चालता कारखाना माणसे मापाला पाठवतो, कारण माणूस वाढतो, झिजतो, आजारी पडतो. जुन्या मापांवर गणवेश शिवायला टाकणाऱ्याला ते कोणाच्या अंगात घालायचेच नसतात. हे मला कागद पाहताक्षणी दिसले होते. कोणत्याही शिकाऊ शिंप्याला दिसले असते. मी पाहिले आणि गप्प बसले, कारण एवढे मोठे काम माझ्याकडे कधी आले नव्हते आणि रस्ताभर लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. भावाला मी कारकून म्हटले. स्वतःला काय म्हणावे, ते काजवालीने ठरवावे, तिला शब्द सापडेल.

कुलूप लागले तेव्हा एकशे अठरा गणवेश तयार होते. उरलेले मी नंतर शिवले. न्यायला कोणी येणार नव्हते, तरी शिवले. दर उन्हाळ्यात डांबरगोळ्या बदलते. एकानेही मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

तरी हे गणवेश ज्याचे त्याला, तो नसेल तर त्याच्या घरी द्यावेत. कॉलरच्या आत पांढऱ्या दोऱ्याने प्रत्येकाचा हजेरी क्रमांक आहे. पाठीच्या शिवणीत दोन-दोन इंच कापड राखले आहे, सैल करता येईल. अंगाला लावून काजवालीने दुरुस्त करून द्यावा. कोणी तोंडावर फेकला तर तिने उलट बोलू नये, हे तिला अवघड जाईल. देताना सांगावे की मावशीला माहीत होते.

साक्षीबद्दल. वकीलबाई म्हणतात, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून ओतारीचा गणवेश मी सही करण्याआधीच त्याच्या हातात दिला व यादीतून कमी केला. आता यादीत दोनशे एकोणचाळीस. सहावे कलम मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले, कारण न वाचता त्याची सही घेणे म्हणजे पुन्हा तेच करणे. त्याने हातातल्या गणवेशाची घडी मोडली. तो अंगात चढवला, आरशासमोर गेला. खांदे उतरले होते, कमरेला मूठभर कापड लोंबत होते. मी म्हटले, "जमलं तर मला..." त्याने पुढचे बोलू दिले नाही.

"माफीचं राहू द्या, मावशी. आधी माप घ्या."

दोन्ही हात वर करून तो उभा राहिला. मी घेतले. छाती छत्तीस, कंबर तीस. चौदाव्या वहीत आजच्या तारखेने लिहिले आहे. दुरुस्ती मी स्वतः करणार आहे. ती पुरी व्हायच्या आत मी गेले तर काजवालीने सगळ्यात आधी तो एक गणवेश पुरा करावा.

वरील सर्व मजकूर माझा आहे. खाडाखोड एकच आहे, ती खाली साक्षीदाराच्या धंद्यापुढे, आणि ती त्याच्या सांगण्यावरून केली आहे.

सही: टेपमावशी

साक्षीदार पहिला: समोरच्या औषधाच्या दुकानाचा मालक. मी यांना सही करताना पाहिले. चष्मा नव्हता, हे खरे आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: हजेरी क्रमांक एकशे सात. धंदा: ~~चौकीदार~~ ओतारी. (सही)

स्थळ: दुकान, कापणीचे टेबल
तारीख: अकरा, बुधवार, सकाळ