भेकर आत राहिलं

भांडुप, डोंगराखालचं घर
२२ ऑक्टोबर २०२४

प्रिय आयरीनबाय,

तुम्ही सगळे बरे असणार असं धरून चालते, कारण काही बिनसलं की तुझा फोन येतोच. इथे पपा खातात, पितात, चालतात. चालतात हाच प्रॉब्लेम आहे, पण त्याचं नंतर. वेनला आणि पोरांना माझी आठवण सांग.

पत्र बघून हसशील. वांद्रे ते भांडुप केवढंसं अंतर आणि ही बया पत्र लिहिते! पण फोन लावला की पपा शेजारी येऊन बसतात, 'कोन हाय, कोन हाय' करतात, आणि तिकडून तू 'लिओ, मीटिंगमध्ये आहे गं' म्हणून कट करतेस. पत्र काही कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. वसईच्या होस्टेलने मला मेट्रन म्हणून बोलावलंय, त्याचं काय ठरलं असं तू विचारलं होतंस. सांगते. आधी रानाचं ऐक.

पाऊस गेला आणि गवत छातीला लागलंय. सातवीण अशी फुललीये की संध्याकाळी वासाने डोकं जड होतं. दोन झाडांच्या मध्ये ते मोठे कोळी जाळी लावून बसलेत, पहिली चक्कर मारते ती तोंडावरची जाळी पुसतच. हळद्या आलाय, परीटही आलाय शेपटी हलवत. मम्मा म्हणायची ना, परीट दिसला की विळे काढा. काढलेत बाय, विळे काढलेत. गवत कापायचं, कोवळ्या झाडांवरचे वेल ओढायचे, घाणेरी मुळापासून उपटायची, कुंपणाच्या कडेने पट्टा साफ करायचा म्हणजे मागून वणवा आला तर आत शिरणार नाही. आणि हे सगळं मी एकटीने, ऑक्टोबरच्या उन्हात. माणूस ठेव, म्हणशील. सपना नावाची बाई ठेवली होती पपांसाठी. मोरीत धामण निघाली आणि बाई जी पळाली ती चप्पल न्यायलासुद्धा आली नाही.

आगेऱ्याला चर्चमध्ये दिसली नाहीस म्हणालीस. सगळ्यांनी भाताच्या लोंब्या वाहिल्या, बँड वाजला, तू फोटो पाठवलेस, बघितले. पण पपांना कुणाच्या भरवशावर ठेवून येऊ? देवाच्या?

आपलं रान ते केवढं! एका बाजूला टॉवरची भिंत, दुसऱ्या बाजूला गोडाऊनची, पुढे गेट, आणि मागे डोंगर. मागचं कुंपण पावसात कुजतं, जांभळाजवळ फट पडते, आणि चार महिने डोंगरातली जनावरं तिथून ये-जा करतात. पावसानंतर ती फट बुजवायची, नाहीतर बाटल्या घेऊन पोरं येतात आणि सुक्या गवतात सिगारेटी टाकतात. पण पपांचा नियम तुला आठवत असेल. बुजवायच्या आधी गेटपासून डबे वाजवत मागे जायचं, हळूहळू. आत जे असेल ते बाहेर जाऊ द्यायचं. मगच बंद करायचं.

मी डबे वाजवले नाहीत.

ऑगस्टमध्ये पपा त्याच फटीतून गेले होते. हे तुला सांगितलं नव्हतं. पाईपलाईनच्या कडेला सापडले, भिजलेले, एका पायात चप्पल, आणि शोधायला गेलेल्या माणसालाच विचारत होते, ग्रेगरीचं घर कुठे आलं म्हणून. स्वतःचं घर! तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, पाऊस थांबू दे, ती फट बंद करते. आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पत्रे लावले, तारेने आवळले, हात झटकले.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो आणि मागून ओरडणं सुरू झालं. कुत्र्यासारखं, पण कुत्रा नव्हे. पपांचा घास हातातच राहिला.

"कोनतरी आत रायलाय," म्हणाले.

"कुत्रा आहे पपा."

"कुत्रा मला शिकवते? भेकर हाय ते. तू डबे वाजवले नाय."

बघ, माझं नाव आठवत नाही आणि हे आठवतं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशी माझी गत. भेकर भिंतीच्या कडेने धावायचं, पत्र्यावर आपटायचं, पत्र्याला रक्त लागलेलं मी पाहिलं. फॉरेस्टवाल्यांना फोन केला. तो माणूस भला होता, म्हणाला, ताई, वाट उघडी करा, ते आपसूक जाईल. बरोबर आहे त्याचं. पण वाट उघडली तर पपा जातील, आणि नाही उघडली तर जनावर मरेल. इकडे आड, तिकडे विहीर.

आणि पपा काही ऐकेनात. ओरडणं आलं की उठून दाराकडे. आता जे लिहिते ते वाचून माझ्यावर चिडू नकोस, किंवा चीड, मला काही फरक पडत नाही. मी रानात जाताना पपांना घरात ठेवून बाहेरून कडी घालत होते. ऑगस्टपासून. ते आतून दार वाजवायचे, "बाय, दार उघड, ओ बाय," आणि मी गवत कापत राहायचे. एकदा विळा बोटाला लागला तरी उघडलं नाही. मम्माने मरताना आपल्या दोघींकडून वचन घेतलं होतं की पपांना रानातून हलवायचं नाही. दोघींकडून, आयरीनबाय. त्यातल्या एकीने शाळेतली लॅबची नोकरी सोडली आणि दुसरी ईस्टरला केक घेऊन येते. लिहिलं एकदाचं. बरं वाटलं.

रविवारी मात्र मला राहवेना. कडी काढली आणि पपांच्या हातात डबा नि काठी दिली. म्हटलं, चला, भेकराला बाहेर काढू. बाई गं, तू बघायला हवं होतंस! चहाचा कप सांडणारा माणूस ताठ झाला. "तू डावीकडनं. पलू नको. वाजव नि थांब, वाजव नि थांब." मी त्याआधीच पत्रे काढून ठेवले होते. आम्ही दोघं गवतातून पुढे सरकत होतो, आणि मग ते दिसलं. एवढंसं हरण गं! शेळीपेक्षा लहान, अंग थरथरतंय, एका बाजूचे केस सोललेले. पपांनी हात वर केला आणि मी जागच्या जागी थांबले. त्याने एकदा वळून पाहिलं, फटीतून उडी मारली, आणि गेलं. मी तिथेच रडले. पपांनी टोपी काढून क्रूस केला.

पत्रे परत लावायचे म्हणून मी दगड आणायला फटीतून बाहेर गेले. वळते तर पपांनी आतून पत्रे ओढून तार पिळलेली. सराईत हात, दोन मिनिटांत काम.

"पपा, मी बाहेर राहिले ना!"

पत्र्याच्या वरून माझ्याकडे बघत होते. चेहरा एकदम चांगला, प्रेमळ, परक्या माणसाशी बोलतात तसा.

"बाय, चांगलं काम केलंस. आता जा तू घरी. तुझी मानसं वाट बघत असतील."

"पपा, मी लिओ."

"लिओ शालेत गेली. आयरीन येनार हाय मला बघायला. तू जा, बाय. लई वेल झाला तुला."

आणि वळून घराकडे चालू लागले.

डोंगरावरून खाली उतरायचं, पाईपलाईनच्या कडेने रस्त्याला लागायचं, आणि टॉवरला वळसा घालून गेट. किल्ली माझ्या खिशात होती. पळत गेले असते तर लगेच पोचले असते.

मी पळाले नाही. हेच तुला फोनवर सांगता येत नव्हतं. पपा आत एकटे, रानातली विहीर उघडी, आणि मी रमतगमत चालले. नाक्यावर बाकड्यावर बसून चहा घेतला. मग दुसरा घेतला. चहावाल्याने विचारलं, बाई, केसात गवत कसलं? मी हसले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणीतरी जा म्हटलं होतं आणि मला इतकं हलकं वाटत होतं की माझीच मला भीती वाटली. परत जायचंच नाही असं ठरवलं होतं मी. थोडा वेळ, पण खरंच ठरवलं होतं.

मग उठले.

पपा पायरीवर बसून पँटची कुसळं काढत होते. मला बघून म्हणाले, "कोन पायजे?"

मी म्हटलं, "आयरीनने पाठवलंय."

"येनार का ती?"

"येणार. एक डिसेंबरला."

तेव्हा कुठे सरकून त्यांनी मला पायरीवर जागा दिली.

तर होस्टेलचं असं, की काल मी हो कळवलं. एक डिसेंबरला रुजू व्हायचं आहे. तुला विचारत नाही, सांगतेय. तू इथे येऊन राहा, पपांना वांद्र्याला ने, नाहीतर चांगली माणसं बघून ठेव. तू ठरवशील ते मी मानेन, पण ठरवायचं तू. तोवर मी गवत पुरं करते, पट्टा साफ करते, आणि विहिरीवर जाळी बसवून घेते. दाराची कडी मी काढून टाकली आहे. कुंपण बंद आहे, गेटला कुलूप आहे, पपा मागे फिरतात आणि मी काम करता करता नजर ठेवते.

रोज संध्याकाळी गेटपाशी जाऊन उभे राहतात. कोणाची वाट बघताय विचारलं की तुझं नाव सांगतात. माझं कधीच नाही. माझी वाट कशाला बघतील, मी कुठे गेलेय कधी?

एक तारखेला सकाळी लवकर ये. मी बॅग भरून गेटपाशीच असेन.

जिला पपांनी स्वतःच घरी जा म्हटलं, ती तुझी बहीण,
लिओना