खंडेनवमीला पूजलेली आयर्न

मिहिर,

उठल्यावर आरडाओरडा करू नकोस, आई घाबरतील. मी गोल्फच्या सरावाला गेले आहे.

मला हायब्रिड स्टिकच हवी, हे तुला कितीदा सांगितलं होतं! डोकं रुंद, वजन खाली, फटका जरा तिरका बसला तरी चेंडू उचलला जातो. शिकणाऱ्याने हीच घ्यावी, असं कोचनी तुझ्यादेखत सांगितलं. तरी तू सुरीसारख्या पात्याची आयर्न स्टिक उचलून आणलीस. वर मित्रांसमोर फिदीफिदी हसत म्हणालास, "हायब्रिड काय, खेळता न येणारे वापरतात." मी तिथेच चहाचा ट्रे धरून उभी होते रे!

काल बदलून आणणार होते, तर त्याआधीच तू ती खंडेनवमीच्या पूजेत मांडून मोकळा! आता तिच्या खाचांत कुंकू बसलंय, आणि आई म्हणतात, पूजलेलं हत्यार परत करायचं नसतं. आणि असली माखलेली स्टिक दुकानदार तरी कशाला घेईल?

म्हणून रागाने तुझी गोल्फची बॅग उपसली. एका लोकरी टोपीखालून चक्क हायब्रिड निघाली! तिची मूठ तर वापरून वापरून पार गुळगुळीत झाली आहे. बाकीच्या स्टिका नव्याकोऱ्या.

ती हायब्रिड मी नेते आहे.

श्रीखंड फ्रिजमध्ये आहे. आईंना गोळी आठवणीने दे. नऊ वाजता तुझे मित्र तुला खेळायला न्यायला येतील. आयर्न देवापुढेच आहे. तुला खेळता येतं ना, मग तीच घेऊन जा.

शर्मिष्ठा