घाणीचा खुंट

उंद्री, मंगळवार, १२ मे १९६४

हात अजून पांढरे आहेत, पण आधी हे लिहिते.

बाबांना शाळेच्या भिंतीचा चुना मळायला गावाबाहेरची जुनी घाणी चालू करायचीय. बैल ज्या गोल चरातून दगडी चाक ओढतो, तो चर एकाच बाजूला थोडा उरलाय आणि मधला खुंट कधीच गेलाय. खुंट चार बोटं चुकला तरी चाक चरात अडणार. बाबा सकाळपासून नुसत्या अंदाजाने दोरी धरून पाहत होते.

मी चरावर तीन खडे ठेवले. शेजारच्या दोन खड्यांत दोरी ताणायची, तिच्या बरोबर मध्यावर काटकोनात दुसरी. काटकोनाला बाबांचाच गवंडीकामातला गुण्या. मधल्या आणि तिसऱ्या खड्यातही तसंच. काटकोनातल्या दोऱ्या भेटल्या तिथे खुंट ठोकला. मान ताठ! मास्तरणीचं ट्रेनिंग झालेली बाई ना मी!

बाबा म्हणाले, "दुसरे तीन खडे घेतले त?"

"तरी तिथंच येईल, बाबा."

"तू पाह्यलं काय घेऊन?"

नव्हतं पाहिलं. वहीत सिद्धता लिहिली, गुण घेतले. पण दुसरे खडे? कधीच नाही.

त्यांनी खुंट उपटला, खडे हलवले, स्वतः दोऱ्या ताणल्या. खुंट त्याच भोकात गेला.

अंगठा लावणारा माझा बाप! आमच्या अख्ख्या वर्गात हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता.

घरी येताना बाबा भेटेल त्याला सांगत होते, "मध्य माह्या पोरीनं काढला." काढला मीच, हो. पण तो खरा असतो, हे मला आज त्यांच्यामुळे कळलं.